निसर्गाची देणगी आणि गांवचें सुख

शहरांत राहणाऱ्या आपल्या घरांतून हल्लीं एक विचार वारंवार कानीं येतो. नोकरी संपली, मुलें मार्गास लागलीं, आतां गांवाकडील वडिलार्जित घराची डागडुजी करून उरलेले दिवस तेथें सुखानें घालवावे. कोणी भावाबहिणींचा हिस्सा विकत घेतो, कोणी नदीकांठीं नवी जागा पाहतो. हा विचार वाईट मुळींच नाहीं. मात्र गांव सुखाचें कशानें ठरतें, याचा निर्णय केवळ हवापाणी पाहून करावा काय, एवढा प्रश्न या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

उदाहरणासाठीं पारगांव घेऊं. या नांवाचीं गांवें पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत एकाहून अधिक आहेत. एक जुन्नर तालुक्यांतील आळे तर्फेतलें, दुसरें आंबेगांव तालुक्यांत घोड नदीच्या खोऱ्यांतलें. या परिसरास देतांना निसर्गानें हात आखडलेला नाहीं. पश्चिमेस सह्याद्रीची रांग आणि भीमाशंकराचें अरण्य. अलीकडे शिवनेरी आणि लेण्याद्रि. आणि कुकडी, मीना व घोड या नद्या पूर्वेकडे वाहणाऱ्या. येथील शांततेचेंही मोल झालें आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशांतील रेडिओ-लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिच्यासाठीं हा मुलूख निवडण्याचें एक कारण असें कीं, माणसानें निर्माण केलेल्या लहरींचा गोंगाट येथें कमी होता. २०१८ सालीं सरकारनें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला.

अशा देणगीची मोजदाद करण्याचा प्रयत्न अमेरिकेंत झाला आहे. तेथील शेतकी खात्याचे अभ्यासक डेव्हिड मॅकग्रॅनाहन यांनीं १९९९ सालीं आपल्या देशांतील परगण्यांस सहा कसोट्या लाविल्या. हिवाळा उबदार आहे काय, हिवाळ्यांत ऊन किती पडतें, उन्हाळा सौम्य आहे काय, उन्हाळी हवेंत दमटपणा कमी आहे काय, भूमीस उंचसखलपणा किती आणि पाण्यानें किती क्षेत्र व्यापिलें आहे, या त्या कसोट्या. १९७० ते १९९६ या काळांत कमी उतरलेल्या ग्रामीण परगण्यांची लोकसंख्या सरासरीनें अवघी १ टक्का वाढली, आणि उत्तम उतरलेल्यांची १२० टक्के. तेव्हां चांगल्या हवापाण्याकडे माणूस ओढला जातो, ही आपल्याच घरांतील जगावेगळी हौस नव्हे.

परंतु उत्तम देश कोणता, हा प्रश्न आपल्याकडे कौटिल्यानें फार पूर्वीं विचारला आहे, आणि त्याचें उत्तर अधिक व्यवहारी आहे. अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणांत जनपदाचीं लक्षणें दिलीं आहेत. त्यांत सुपीक जमीन, अरण्यें, जलमार्ग व स्थलमार्ग हीं आहेतच. पण दोन लक्षणें विशेष ध्यानांत धरण्याजोगीं आहेत. देश ‘अदेवमातृक’ असावा, म्हणजे पिकासाठीं सर्वस्वीं पावसाच्या तोंडाकडे पाहणारा नसावा. आणि तो ‘व्याल’ म्हणजे हिंस्र श्वापदें यांपासून मुक्त असावा. पहिल्यानें पोट भरतें, दुसऱ्यानें जीव निर्भय होतो. अमेरिकन माप निसर्गानें काय दिलें एवढेंच मोजतें. तें निर्भयपणें भोगतां येतें काय, हें मोजत नाहीं.

पारगांवची कथा या दोन शब्दांत सांगतां येते. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे येतां येतां ओसरतो. तेव्हां एके काळीं या पट्ट्यांतील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असत. कुकडी प्रकल्पांतील येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभें या पांच धरणांनीं ही स्थिति पालटली. कालव्यांतून पाणी आलें, त्याच्या मागोमाग ऊंस आला, आणि आंबेगांवच्या पारगांवीं दत्तात्रयनगर येथें भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मुलुख अदेवमातृक झाला.

हें सुख फुकट आलेलें नाहीं, आणि त्याची किंमत देणारे बहुतांशीं दुसरेच होते. डिंभें धरणाच्या जलाशयांत जुनें आंबेगांव बुडालें. ज्या गांवाचें नांव सबंध तालुका आजही धारण करतो, तें गांवच पाण्याखालीं आहे. डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबांचीं शेतें आणि घरेंही त्याच पाण्यांत गेलीं. त्याच डोंगरांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर पावसानें भिजलेला उतार खचला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. एकाच तालुक्याच्या पूर्वेस जें पाणी पाटानें येऊन पीक देतें, तेंच पश्चिमेस काळ होऊन येऊं शकतें. नदीकांठीं घर बांधणाऱ्यानें नदी कोठून येते, हें विसरूं नये.

आतां दुसरा शब्द. ऊंस शेतांत वर्ष-दीड वर्ष उभा असतो. दाट, गार आणि माणसांचा वावर बेताचाच. जवळ वस्तीवर कुत्रीं, शेळ्या, वासरें. बिबट्यास याहून सोयीचें रान कोणतें मिळणार? माद्या उंसांतच विऊं लागल्या, आणि तोडणीच्या वेळीं सऱ्यांतून बछडे हातीं लागूं लागले. प्रारंभीं धरलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडीत. परंतु विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें कीं, या स्थलांतरानंतर माणसांवरील हल्ले घटण्याऐवजीं वाढले. माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा-केंद्र आहे. पण पिंजऱ्यांच्या संख्येस कोठें तरी मर्यादा असणारच. २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड येथें बिबट्यानें लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हां लोक संतापून रस्त्यावर आले. तेथील कांहीं शेतकरी गळ्यांत खिळ्यांचे पट्टे बांधून शेतांत जाऊं लागले. मेंढराच्या राखणदार कुत्र्याच्या गळ्यांत जो पट्टा असतो, तो घालण्याची पाळी पाणी, पैका आणि पक्कीं घरें असलेल्या मुलुखांत माणसावर आली.

यावर कोणी म्हणेल, मग ऊंसच नको. शहरांत बसून, चहांत दोन चमचे साखर घालीत हें म्हणणें सोपें आहे. ज्याचें कर्ज, लग्नकार्य आणि मुलांच्या शाळेचा खर्च उंसावर फिटतो, त्यास तें कोणत्या तोंडानें सांगावें? बिबट्याही एका हंगामांत नाहींसा होणार नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं योग आणि क्षेम असे दोन शब्द जोडून दिले आहेत. नसलेलें मिळणें हा योग, आणि मिळालेल्याचें रक्षण हें क्षेम. योग निसर्गानें आणि धरणांनीं दिला. क्षेम मात्र रोजच्या रोज माणसांनाच करावें लागतें. त्याचे उपाय साधे आहेत. पंपांस वीज दिवसा मिळावी, म्हणजे रात्रीं दारें धरावयास जावें लागणार नाहीं. गोठा बंदिस्त असावा, शौचकूप घराला लागून असावें, आणि मुलांच्या शाळेची वाट उंसाच्या कडेनें जाऊं नये.

म्हणून जे गांवीं परतूं इच्छितात, त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. जागा पाहावयास आपण सकाळीं जातों, दुपारीं पिठलें-भाकरी खातों आणि उन्हें कलतांच परततों. ती एकदां दिवेलागणीस पाहावी. त्या वेळीं अंगणांत कोण बसलें आहे आणि कोणाचीं दारें लागलीं आहेत, तें मोजावें. शेजारच्या म्हातारीस विचारावें, ताप आलेल्या नातवास रात्रीं डॉक्टरकडे कसें नेतां? तिच्या उत्तरावरून गांवाची खरी प्रत कळेल.

आणि ज्यांची जमीन आजही वाट्यानें दिलेली आहे, त्यांच्यावर अधिक जबाबदारी आहे. वाटेकऱ्याच्या झोंपडीभोंवतीं ऊंस दाराशीं येऊन भिडलेला असेल, तर तेवढा पट्टा मोकळा ठेवावयास त्यास सांगावें, आणि त्यामुळें कमी होणारें उत्पन्न त्याच्या वाट्यांतून न कापतां आपल्या वाट्यांतून सोडावें. घरच्या मंडळींनीं यंदाचा हिशेब करतांना या गोष्टीचा एकत्र बसून विचार करावा, अशी विनंति आहे.