खिशातील वटी

चारचौघांत बोलण्याची वेळ आली की छातीत धडधड, हातांना कंप, तळहातांना घाम, घशाला कोरड आणि पोटात कालवाकालव, अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ‘मला भीती वाटते’ असे म्हणत नाही, ‘छातीत धडधडते’ असे म्हणतो. आणि आपणही बहुधा धडधडीचेच औषध देतो. या रूढ चिकित्सेविषयी वैद्यबंधु-भगिनी व औषधविक्रेते यांच्यापुढे काही विचार मांडावेत, असे आम्हांस वाटते.

आरंभ स्वतःच्या चुकीपासून करणे उचित. काही वर्षांपूर्वी तिशीतील एक लिपिक आमच्याकडे आले. इतरांच्या देखत सही करताना त्यांचा हात थरथरत असे. पाण्याचा पेला हिंदकळेल या धास्तीने लग्नाच्या पंगतीत बसणेही त्यांनी सोडले होते. ईसीजी दोनदा निर्दोष आला होता. आम्ही वातप्रकोप मानून अर्जुनारिष्ट व ब्राह्मी वटी दिली, शिरोधारा केली. त्यांना बरे वाटले, आम्हांसही समाधान वाटले. सहा महिन्यांनी कळले की, वटीची डबी खिशात असल्याखेरीज ते घराबाहेर पडत नाहीत. एकदा डबी घरी राहिली, तर बसथांब्यावरून परत फिरले. आमच्या औषधाने भय गेले नव्हते. भयाला केवळ एक काठी मिळाली होती.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, सहाव्या अध्यायात, भय व चित्तोद्वेग यांची गणना मानसविकारांत केली आहे. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे तिचे स्वरूप. येथे ‘अहितकर विषय’ म्हणजे सभागृह किंवा पंगत, असा अर्थ घेतला तर आपण रुग्णाला पळवाटच शिकवतो. ‘हात थरथरला तर माझी अब्रू जाईल’ हा विचारच आमच्या मते खरा अहितकर विषय होय. अल्बर्ट एलिस यांचे विवेकनिष्ठ मानसोपचार महाराष्ट्रात रुजविणारे कि. मो. फडके यांनीही अशाच अविवेकी समजुतींवर बोट ठेवले होते.

मात्र सत्त्वावजयापूर्वी निदान हवे. प्रथमच छातीत दुखणारा किंवा धाप लागलेला रुग्ण ‘घाबरट’ म्हणून परत पाठविणे हा अक्षम्य प्रमाद होय. ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी यांचा विचार आधी व्हावा. थायरॉईडच्या अतिक्रियेतही धडधड, कंप व स्वेद हीच लक्षणे दिसतात, आणि अश्वगंधेने थायरॉईडची संप्रेरके वाढल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. म्हणून काउंटरवर ‘टेन्शनची गोळी’ मागणाऱ्यास अश्वगंधेची डबी पुढे करणाऱ्या विक्रेत्यांनी क्षणभर थांबावे. गर्भिणी, यकृतविकारी आणि झोपेची वा चिंतेची अन्य औषधे घेणारे यांच्याबाबतीत तर विशेषच.

निदान निश्चित झाल्यावर रुग्णास त्याच्या शरीराची भाषा समजावून सांगावी. घबराटीचा झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि आपोआप ओसरतो. भयाने श्वास जलद होतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात व डोके हलके होते. हे एकदा उमगले की ‘आता मी मरणार’ या कल्पनेचे बळ घटते. अशा वेळी ‘खोल श्वास घ्या’ असे वारंवार सांगणे उलट ठरू शकते. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. भस्त्रिका व कपालभाती या रुग्णांस सरसकट सांगू नयेत. चहा-कॉफी व तंबाखू यांचीही चौकशी अवश्य करावी.

त्या लिपिकांची चिकित्सा आम्ही नव्याने आरंभिली, एका मानसोपचारतज्ज्ञांच्या साहाय्याने. प्रथम एका सहकाऱ्यासमोर सही, मग दोघांसमोर, मग गर्दीच्या वेळी खिडकीवर. हात थरथरला तरी सही पूर्ण करावयाची, हा एकच नियम. डबी आधी पिशवीत गेली, नंतर टेबलाच्या खणात, शेवटी घरी राहिली. आजही त्यांचा हात कधीमधी थरथरतो. परंतु गतवर्षी पुतणीच्या लग्नात ते पंगतीत बसून जेवले.

आपल्या मर्यादांचेही भान असावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मनोविज्ञान व मानसरोग या विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांस मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. आम्हां केवळ बी.ए.एम.एस. पदवीधरांना नव्हे. तेव्हा आत्महत्येचे विचार, व्यसन किंवा तीव्र औदासीन्य दिसताच रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवावा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात लावलेला असावा. रुग्ण अल्प्राझोलामसारखे औषध नियमित घेत असेल, तर ‘ॲलोपॅथी बंद करा’ हे वाक्य कदापि उच्चारू नये. ते एकाएकी थांबविल्यास आकडी येण्याचा धोका असतो.

औषधे निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. निद्रा, अग्नि व बल सुधारण्यास ती अवश्य द्यावीत. परंतु वटी देताना ती कधी थांबवायची, हेही त्याच दिवशी रुग्णास सांगावे. जी चिकित्सा रुग्णास वैद्याच्या आणि डबीच्या आधाराविना पंगतीत बसवू शकत नाही, ती अपुरी आहे, असे आम्ही मानतो. यावर वाचकांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत.