वरातीमागून घोडे

आपल्या मराठीने उशीर करणाऱ्या माणसाची फार बारकाईने दखल घेतली आहे. बैल गेल्यावर झोपा करणारा तो, वरातीमागून घोडे आणणारा तो, आणि चुकूनमाकून शहाणपण सुचलेच तर तेही ‘उशिरा सुचलेले’ म्हणून पुन्हा त्याच्याच पदरात! घाईने बोलून घोटाळा करणाऱ्यालाही ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ असे आपण म्हणतो, नाही असे नाही. पण ते म्हणताना ओठांवर थोडे हसू असते. उशीर करणाऱ्याच्या वाट्याला मात्र नुसती कीव येते.

या लेखात मला बाजू मांडायची आहे ती या उशीर करणाऱ्यांची. तो अधिकार मला आहे, कारण मी त्यांच्यातलीच एक आहे. वर्गात मला ‘ट्यूबलाइट’ म्हणतात. (चोकची, फडफडत पेटणारी ट्यूब आता आमच्या गावच्या देवळातही उरलेली नाही, तिथे एलईडी आले, टोपणनाव मात्र अजून शाबूत आहे!)

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. समजत नाही ही एक गोष्ट, आणि समजायला वेळ लागतो ही दुसरी. मानसशास्त्र हा माझा ऐच्छिक विषय असल्यामुळे यासंबंधी चार गोष्टी वाचनात आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही वाटे की मज्जातंतूतून जाणारा संदेश इतका वेगवान असतो की तो मोजताच येणार नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजला, आणि निघाला सेकंदाला अवघा २७ मीटरच्या आसपास. म्हणजे चांगल्या रस्त्यावर मोटार धावते तितका! पुढे १८६८ मध्ये दोंडर्स या डच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की नुसती खूण दिसताच हात हलवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ ‘दोहोंपैकी कोणता हात हलवायचा’ हे ठरवून हलवायला लागतो. म्हणजे ठरवण्यालाच वेळ लागतो, आणि तो घड्याळाने मोजता येतो. हा वेळ सर्वांचा सारखा नसतो. वेक्सलर यांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्यांमध्ये आकड्यांखाली ठरलेली चिन्हे भराभर भरायचा एक भाग असतो. तिथे मागे पडणारा माणूस शब्दसंग्रहात किंवा तर्कात पुढे असू शकतो. चाल वेगळी आणि समज वेगळी. झोप पुरी झाली नाही, मन खचलेले असले, किंवा नुसते वय वाढले, तरी ही चाल मंदावते. तेव्हा आज जे हसतात त्यांनाही पुढेमागे या वाटेने यायचेच आहे. असो.

हे सगळे प्रयोगशाळेत ठीक. अडचण सुरू होते ती कट्ट्यावर. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू व्हायला सरासरी एक पंचमांश सेकंद लागतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगातल्या दहा भाषांच्या एका अभ्यासात दिसून आले. त्या दहांत मराठी नव्हती. आमच्या कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर कोणी मोजले असते तर सरासरी आणखी खाली आली असती अशी माझी खात्री आहे. आता गंमत अशी की, साधे चित्र बघून त्याचे नाव तोंडातून काढायलासुद्धा सुमारे सहा दशांश सेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण आपले वाक्य जुळवायला घेतलेले असते. ऐकायचेही आणि जुळवायचेही. ही दोन कामे मला एकदम साधत नाहीत. मी आधी ऐकते, ऐकून झाले की जुळवते, जुळले की तोंड उघडते. तोवर मंडळी अंतर्गत परीक्षेवरून वडापाववर आणि वडापाववरून कोणाच्या तरी नव्या मोबाइलवर गेलेली असतात. अशा वेळी मी परीक्षेबद्दल बोलले की क्षणभर शांतता, आणि मग खसखस!

दोघींत मी कोणाला हार जायची नाही. तिघींत चालून जाते. चौघी-पाचजणी जमल्या की माझा श्रोतृवर्ग होतो. विनोदाचे तर विचारूच नका. विनोद मला कळतो, आवडतो, रात्री अंथरुणावर आठवून मी एकटीच हसते. पण कट्ट्यावर सगळ्यांबरोबर हसायचे असते, म्हणून मी आधी हसून घेते आणि विनोद काय होता ते मागाहून बघते.

एवढ्यावर भागत असते तर हा लेख लिहिला नसता. पण माणसाला गप्प माणूस सहन होत नाही; त्या गप्प बसण्याला तो काहीतरी अर्थ चिकटवतोच. कोणी म्हणते घुमी, कोणी म्हणते मठ्ठ. कोणाला वाटते ही आतल्या गाठीची, आपले सगळे ऐकून घेते आणि स्वतःचे काही सांगत नाही. आणि गेल्या वर्षी तर ‘फार शिष्ट झाली आहे’ असेही माझ्याबद्दल बोलले गेल्याचे कानावर आले. मठ्ठ म्हटलेले मी सोसले, कारण निकाल लागल्यावर त्याचे उत्तर आपोआप मिळते. शिष्ट या शब्दाला मात्र उत्तर नाही. ज्यांच्याजवळ बसायला आपण धडपडतो, त्यांनाच आपण त्यांना हलके लेखतो असे वाटावे, यापरते वाईट ते काय?

आमच्यातल्या एका मैत्रिणीचे लग्न ठरले. बी.ए. अर्धवट सोडून तिला जायचे होते. तिने हे सांगितले तेव्हा आम्ही सहाजणी होतो. पाचजणींनी एका दमात अभिनंदन केले, मुलगा काय करतो विचारले, साडीचा रंगही ठरवला. तिला शिकायचे होते हे त्या सहांत मला सर्वांत जास्त ठाऊक होते. शेवटच्या वर्षाला कोणता विषय घ्यायचा यावर आमचे महिनाभर बोलणे चालले होते. त्यामुळे मला एक वाक्य पुरणार नव्हते. अभिनंदन म्हणावे की नको, सगळ्यांसमोर विचारावे की एकटीला, हे मनात चालू असताना तास सुरू झाला. चार दिवसांनी मी तिला चार पानांचे पत्र नेऊन दिले. बाहेरून परीक्षेला बसता येते, मुक्त विद्यापीठ आहे, सासरच्यांशी आधीच बोलून घे, असे बरेच काही त्यात होते. तिने ते हातात घेतले आणि म्हणाली, ‘त्या दिवशी तू एक शब्द बोलली नाहीस. मला वाटलं, हिला काहीच वाटलं नाही.’ यात माझे काही चुकले असे मला वाटत नाही, आणि तिचे चुकले असेही मी म्हणणार नाही. मन हलले की शब्द लगेच यायला हवेत, आणि शब्द आले नाहीत म्हणजे मन हललेच नाही, असा हिशेब आपण सगळेच धरून बसलो आहोत. मला त्या हिशेबाबद्दल तक्रार आहे. आता ती नांदायला गेली आहे. पत्र तिच्याजवळ असेल तर असेल.

माझ्या घरी हा प्रश्नच कधी उद्भवला नाही. आमचे गाव माणदेशातले, कोरडवाहू. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. आमच्याकडे बोलणे कामाच्या चालीने चालते. आबांना सकाळी काही विचारले तर उत्तर दुपारी भाकरी खाताना मिळते, आणि त्यांनी आपले ऐकले नाही असे कोणाला वाटत नाही. खुरपताना दोन बायकांच्या बोलण्यामध्ये अख्खी पात संपते. पारावरची म्हातारी माणसे एकमेकांशेजारी तासभर गप्प बसतात आणि उठताना ‘बरं बोलणं झालं’ म्हणतात!

पण म्हणून ‘खेड्यातली मुले संथ असतात’ असे जे काही शहाणे समजतात ते मला साफ नामंजूर आहे. माझीच चुलत बहीण त्याच गल्लीतली, त्याच शाळेतली. तिचे तोंड लाह्या फुटाव्यात तसे चालते. चाल ज्याची त्याची असते. मात्र एक जादा ओझे आम्हा खेड्यातून आलेल्यांच्या डोक्यावर असते. मनात ‘गेलती’ येते, ओठांवर ‘गेली होती’ आणावे लागते. माझ्या बहिणीला हे जाता जाता जमते. माझ्यासारखीला तेवढ्यानेच आणखी दोन गाड्या चुकतात. ज्यांच्या घरी पुस्तकातलीच भाषा बोलतात त्यांना याची कल्पना यायची नाही.

सांत्वन करणारे पुष्कळ भेटतात. ‘पेटायला वेळ लागतो, पण पेटली की उजेड पाहा!’ असे म्हणतात. हे मला मुळीच नको आहे. संथ माणूस आतून कोणी मोठा विचारवंत असलाच पाहिजे असे थोडेच आहे? तो साधाच असू शकतो आणि तरीही त्याला मित्र हवे असतात. ससा-कासवाची गोष्टही तशीच. एक तर ससा झोपला म्हणून कासव जिंकले. आमचे ससे कधी झोपत नाहीत. आणि कासवाला शर्यत जिंकायची होती. मला सशांबरोबर गप्पा मारायच्या आहेत.

हजरजबाबीपणाचे आपल्याला भारी कौतुक. सवाल-जवाबाचे फड, अत्र्यांचे किस्से, बिरबल! पण गोष्टींतला बिरबल किती वेळा बादशहाकडे मुदत मागून घेतो, तेही बघा. आणि लग्नातला उखाणा, जो आयत्या वेळी सुचल्यासारखा घ्यायचा असतो, तो प्रत्येक नवरी आधी पाठ करून जाते हे कोणाला ठाऊक नाही?

आता थोडे आमच्या गुरुजनांसाठी, रागावणार नाहीत या भरवशावर. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतले बोलणे ध्वनिमुद्रित करून १९७४ मध्ये असे मांडले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हेच थांबणे तीन सेकंदांवर नेले तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. जादा दोन सेकंदांनी अभ्यासक्रम मागे पडेल असे वाटत नाही.

परीक्षेत तरी सरकारने हे ओळखले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, आणि लेखनिक व जादा वेळ मिळण्यास जे पात्र ठरतात त्यांना तासामागे किमान वीस मिनिटे वाढवून मिळतात. माझ्याजवळ कसले प्रमाणपत्र नाही, नुसत्या संथपणाला ते मिळतही नाही, आणि मला त्याची गरजही नाही. माझा पेपर पुरा होतो. मला वाढवून हवा आहे तो मधल्या सुटीतला वेळ, आणि तो कोणत्या कार्यालयातून मंजूर करून घ्यायचा?

व्हॉट्सॲपवर तरी सोय होईल असे वाटले होते. लिहायचे तर आहे, घाई कसली? पण ग्रुपवर चाळीस संदेश पडून गेल्यावर चौथ्याला उत्तर देणे म्हणजे पुन्हा घोडे वरातीमागूनच. आणि एकटीदुकटीला लिहावे तर निळ्या खुणा उमटल्या की पलीकडे घड्याळ सुरू: ‘वाचलंस ना? मग?’

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. ती स्वतः भरधाव बोलणारी. कट्ट्यावर तिला माझी आठवण राहते असेही नाही. पण आमचा एस.टी.चा मार्ग एक. दुसऱ्या दिवशी खिडकीशी जागा मिळाली की ती विचारते, ‘काल त्या सिनेमावरून तू काहीतरी म्हणणार होतीस, काय ते?’ आमच्या फाट्यापासून कॉलेजपर्यंत पस्तीस मिनिटे लागतात. रस्ता खराब असला तर चाळीस.