परिषदा शहरांत, दुखापती गावांत

क्रीडावैद्यक व खेळाडूंचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण या विषयांवरील परिषदा आता नव्या राहिलेल्या नाहीत. १९२८ साली सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी निरनिराळ्या देशांच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पाया घातला. आज मुंबई-पुण्यातही शल्यविशारद, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ अशा व्यासपीठांवर निबंध वाचतात. त्यांच्या परिश्रमांचे मोल कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो या ज्ञानाच्या वाटपाचा.

रोह्याजवळच्या धाटावचेच उदाहरण घ्यावे. एका बाजूस रासायनिक कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या बाजूस भातशेतीची गावे, आणि या दोहोंना जोडणारा खेळ म्हणजे कबड्डी. कापणी आटोपली की मैदाने आखली जातात. दिवसा कारखान्यात राबणारा तरुण संध्याकाळी चढाईला उतरतो. वेगात वळताना किंवा पकडीतून निसटताना गुडघ्याला हिसका बसतो आणि आतील अस्थिबंध फाटतो. मग तेल-मालिश होते, सूज उतरते, आणि पुढच्या सामन्याला गडी पुन्हा उभा राहतो. पूर्ण फाटलेला अस्थिबंध मालिशने सांधला जात नाही, आणि अस्थिर गुडघ्यावर खेळत राहिल्यास कूर्चेलाही इजा होते, हे त्याला सांगणारे जवळपास कोणी नसते.

ही हानी केवळ शारीरिक नव्हे, आर्थिकही आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावरील दुखापतीसाठी स्वतंत्र लाभ आहेत. गावच्या मैदानावरील दुखापत त्या व्याख्येत बसत नाही. कंत्राटी कामगाराची रोजी मात्र बुडतेच. चषक साऱ्या गावाचा. गुडघ्याचा खर्च एकट्या घराचा!

असे शास्त्र खेड्याला परवडणारे नाही, असा आक्षेप घेतला जाईल. शस्त्रक्रियेपुरता तो खरा आहे, प्रतिबंधापुरता नाही. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या फुटबॉल संघांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे वीस मिनिटांच्या ठरावीक पूर्वव्यायामाने एकूण दुखापती जवळजवळ एकतृतीयांश कमी झाल्याचे त्यात आढळले. धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून योग्य रीतीने जमिनीवर येणे, एवढाच तो क्रम. त्याला महागडे यंत्र लागत नाही. कबड्डीसाठी त्यात फेरफार करावे लागतील, आणि नेमके तेच काम परिषदांतील तज्ज्ञांनी हाती घ्यावयास हवे.

यासाठी पैसा कोठून यावा? २०१३ च्या कंपनी कायद्याने विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्या कार्यांच्या यादीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. धाटावमधील ज्या कंपन्या या मर्यादेत येतात त्यांचे साहाय्य चषक आणि गणवेशांपाशीच थांबू नये. प्रत्येक परिषदेचा एक दिवस रोह्यासारख्या तालुक्याच्या गावी भरावा. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि मंडळांचे प्रशिक्षक श्रोते असावेत. भाषा मराठी असावी आणि व्याख्यानानंतर प्रात्यक्षिक मैदानावर व्हावे.

एखाद्या परिषदेचे यश किती निबंध वाचले गेले यावरून मोजण्याची प्रथा आहे. पुढच्या हंगामात किती गुडघे शाबूत राहिले, हे माप तिला लावण्याची वेळ आता आली आहे.