शमुवेलाची गोष्ट अर्ध्यावर थांबवू नका

शब्बाथ शाळेत शिकलेल्या कुणालाही शमुवेलाची गोष्ट ठाऊक असते. हन्नेचा नवसाचा मुलगा, शिलोच्या मंदिरात म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखाली वाढणारा. रात्री त्याला हाक ऐकू येते. एलीनेच बोलावलं असं समजून तो धावत जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा, झोप. असं तीनदा होतं. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येतं की हाक देवाची आहे, आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणायचं ते तो पोराला शिकवतो. पुढच्या हाकेला शमुवेल तसंच उत्तर देतो. इथे बाई पुस्तक मिटतात आणि बोध सांगतात: बघा, शमुवेल मोठ्यांचं कसं ऐकायचा! तुम्हीही पाळकांचं, वडीलमंडळींचं, आईबाबांचं असंच ऐका.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय मात्र इथे संपत नाही. खरं तर इथे तो सुरू होतो. देव त्या मुलाला जो निरोप देतो, तो एलीच्याच विरुद्ध असतो. एलीचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, याजकपदावर बसून लोकांनी आणलेल्या अर्पणातलं मांस दांडगाईने घेत होते, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी दुर्वर्तन करत होते. ही गोष्ट सगळ्या इस्राएलात बोलली जात होती. एलीच्या कानावरही आली होती. त्याने मुलांना दोन शब्द सुनावले, पण त्यांना आवरलं नाही. म्हणून त्याच्या घराण्याचा न्याय होणार, हा तो निरोप. शमुवेल सकाळपर्यंत अंथरुणात पडून राहतो, उठून नेहमीसारखी मंदिराची दारं उघडतो, आणि एलीला हे सांगायला त्याला भीती वाटते. त्या भीतीचा उल्लेख शास्त्राने गाळलेला नाही. मग एली त्याला जवळ बोलावतो, बाळा म्हणतो, आणि काहीही लपवायचं नाही अशी शपथच घालतो. मुलगा सगळं सांगतो. म्हातारा ते ऐकून घेतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की चर्चमध्ये मुलांना आपल्या पुढाऱ्यांवर प्रेम करायला आणि त्यांच्या मागे चालायला जरूर शिकवावं, पण ही गोष्ट पूर्ण सांगून शिकवावं. पहिला अर्धा भाग सांगून दुसरा गाळला, तर आपण मुलांना श्रद्धा शिकवत नाही, गप्प बसणं शिकवतो.

मेलबर्नच्या आपल्या मंडळात ख्रिस्ती घरं थोडी आहेत. कुणी अहमदनगरचं, कुणी पुण्या-मिरजेचं, कुणी वसईचं. गणपतीला आम्ही आरतीच्या वेळी मागे उभे असतो आणि नाताळच्या करंज्या तुमच्याकडे पोचवतो. मग हा विषय मंडळाच्या अंकात कशाला, असं काहींना वाटेल. पण मंडळाच्या बालवर्गाच्या बैठकांत पालक जे बोलतात तेच आमच्या शब्बाथ शाळेच्या पालकसभेत ऐकू येतं: इथली मुलं उलट उत्तरं देतात, कुणाला मान देत नाहीत, निदान देवाधर्माच्या ठिकाणी तरी त्यांना वळण लावा. ही काळजी खरी आहे. मी ती हलकी मानत नाही. परक्या मुलखात वाढणाऱ्या मुलाला आपलं म्हणता येईल असं एखादं वडीलधारं माणूस, नात्यातलं नसलेलं पण नात्यासारखं, मिळालं तर त्याच्यासारखं भाग्य नाही. आमच्याकडे ते माणूस पुष्कळदा पाळकच असतं. आजारपणात दवाखान्यात येणारं, इथे कुणी गेलं तर रात्री फोन उचलणारं, परीक्षेच्या आधी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारं. अशा माणसावर मुलांनी प्रेम करावं, त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करावी, हे मी वर्गात शिकवते आणि पुढेही शिकवीन.

आमच्यातले जे केवळ आज्ञापालनावर भर देतात ते इब्री लोकांस पत्रातल्या तेराव्या अध्यायाचं सतरावं वचन पुढे करतात. आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असा त्याचा आशय आहे. ते वचन मलाही मान्य आहे. पण त्याच वचनात त्या अधिकाऱ्यांना हिशेब द्यावा लागणार आहे असंही म्हटलेलं आहे, आणि त्याच्या आधी, सातव्या वचनात, त्यांच्या वागणुकीचा परिणाम नीट पाहून मग त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा असा क्रम आहे. आधी पाहायचं, मग मागे चालायचं. पौलाने अंत्युखियात पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला, हेही नव्या करारातच लिहिलेलं आहे. आणि बिरुया गावचे लोक खुद्द पौलाचं बोलणं खरं आहे की नाही ते रोज शास्त्र उघडून पडताळत होते. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्याने त्याबद्दल त्यांना उद्धट म्हटलं नाही, थोर मनाचे म्हटलं.

आणि आपण मराठी ख्रिस्ती माणसांनी तर हे विसरूच नये, कारण आपल्याला ज्यांचा अभिमान आहे ती माणसं याच वळणाची होती. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई मात्र नवऱ्यामागोमाग गेल्या नाहीत. घर फाटलं, लोक बोलले, पण स्वतःला पटेपर्यंत त्या थांबल्या आणि १९०० मध्ये आपल्या पायांनी आल्या. पुढे १९१७ मध्ये खुद्द टिळकांनीच मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला, कारण परदेशी मिशनऱ्यांच्या हातातल्या चर्चमध्ये हिंदी माणसाच्या मनाला पुरेशी जागा नाही असं त्यांना वाटत होतं. ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो ते टिळक मिशनच्या शिस्तीत न मावलेले टिळक आहेत.

पण या विषयात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं आहे ते पंडिता रमाबाईंकडून, कारण तिथे प्रश्न थेट एका लहान मुलीचा होता. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावी सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आपल्या छोट्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. भगिनी जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. थोड्याच काळात मतभेद सुरू झाले. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून कुणाला काय शिकवायचं इथपर्यंत. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकवणाऱ्या या बाईने पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांचाही सल्ला घेतला गेला, आणि तो रमाबाईंच्या विरुद्ध आला. रमाबाईंनी प्रत्येक वेळी आपली सदसद्विवेकबुद्धी पुढे केली. सांगणाऱ्याचं पद मोठं आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी मानायला त्या तयार नव्हत्या. एका धर्मातल्या पुरोहितांचं जू झुगारून आलेल्या बाईने दुसऱ्या धर्मात तसलंच जू मानेवर का घ्यावं?

मनोरमा तेव्हा तीन-चार वर्षांची होती आणि आई चेल्टनहॅमला असताना बराच काळ वाँटेजच्या भगिनींपाशी होती. तिला धर्माचं काय शिकवायचं, यावरून आईत आणि भगिनींत मोठा वाद झाला. भगिनींना वाटत होतं की चर्चने ठरवलं आहे ते मुलीला जसंच्या तसं द्यावं. स्वतःला न पटलेलं मत आपल्या लेकीच्या डोक्यात भरलं जाऊ नये, याबद्दल रमाबाई ठाम होत्या. त्या मठाचं अन्न खात होत्या, त्यांच्या आश्रयाला होत्या, हिंदुस्थानात परतल्यावर हातात काय असेल ते माहीत नव्हतं. तरीही लेकीच्या मनावरचा हक्क त्यांनी कुणाकडे सोपवला नाही.

हा सगळा पत्रव्यवहार छापलेला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. ती पत्रं वाचताना मला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर संबोधन. इतके कडाक्याचे वाद घालताना रमाबाई भगिनी जेराल्डिनना ‘आजीबाई’ म्हणतात. मनोरमेची आजी म्हणून ‘आजीबाई’. प्रेम तुटलेलं नाही आणि मतही सोडलेलं नाही. आणि ज्यांच्यावर ही पत्रं बरसली त्या जेराल्डिननी ती जाळली नाहीत, स्वतः सांभाळून ठेवली, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत. पुढाऱ्यावर प्रेम करणं आणि पुढाऱ्याला ‘हे मला पटत नाही’ म्हणणं एकाच पत्रात मावतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदन उभारलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षं वेचली, ती सामान्य बाईला शास्त्र स्वतः वाचता यावं म्हणून. तिला ते पाळकाच्या तोंडून ऐकण्यावर थांबायला लागू नये, हा त्यामागचा हेतू.

आता ज्या देशात आपण राहतो तिथली गोष्ट. ती बोलायला जड आहे, पण मुलांच्या वर्गाविषयी लिहायचं आणि ती टाळायची हे मला जमणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची जवळजवळ पाच वर्षं चौकशी केली आणि १५ डिसेंबर २०१७ रोजी १७ खंडांचा अंतिम अहवाल दिला. आठ हजारांहून अधिक लोकांनी आयोगापुढे बंद दाराआड आपली कहाणी सांगितली. त्यातल्या चार हजारांहून अधिक जणांवरचे अत्याचार धार्मिक संस्थांमध्ये झालेले होते. कॅथलिक, अँग्लिकन आणि इतरही. अहवालाचा सोळावा खंड फक्त धार्मिक संस्थांवर आहे. मुलं बोलली नाहीत किंवा बोलल्यावर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, यामागे धर्मगुरूला सामान्य माणसाहून वरचं मानण्याची सवय होती, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. ती मुलं वाईट घरांतली नव्हती. पुष्कळ घरं अतिशय श्रद्धाळू होती. फादर म्हणतील ते ऐकायचं, एवढंच त्यांना मनापासून शिकवलेलं होतं.

त्यानंतर कायदे बदलले. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची तपासणी इथे आता सवयीची झाली आहे, आणि व्हिक्टोरियात २०२० पासून अत्याचाराची माहिती कळवण्याचं बंधन धर्मसेवकांवरही आलं, अगदी पापांगीकाराच्या वेळी कळलेल्या माहितीसाठीसुद्धा. हे हवंच होतं. पण आमच्या काही घरांत याकडे पाहण्याची तऱ्हा मला खुपते. ते गोऱ्यांचं झालं, आपल्यात असं नसतं, म्हणतात. शिलोतल्या लोकांनाही हफनी-फिनहासचं सगळं माहीत होतं, आणि मोठी माणसं ते आपापसांत बोलत होती. तिसऱ्या अध्यायात एलीला नीट उभं राहून सांगितलं ते एका पोराने. त्याला ते सांगता आलं, कारण एलीने विचारलं.

म्हणून माझा खरा आग्रह मुलांपेक्षा पुढाऱ्यांकडे आहे. मुलाला ‘विचार’ म्हणणं सोपं आहे. पण ज्या वर्गात पाळक आले की मुलं उठून गाणं म्हणतात, खाऊ घेतात आणि पाळक निघून जातात, त्या वर्गात कोण विचारणार? एलीसारखं कुणीतरी मुलाला जवळ घेऊन, तू काय पाहिलंस, काय ऐकलंस, सगळं सांग, म्हटलं पाहिजे, आणि मग जे येईल ते गिळलं पाहिजे. एका मुलाने आमच्या वर्गात विचारलं होतं, पाळकसाहेब चुकले तर देव त्यांना सांगतो की आपण सांगायचं? मोठ्यांपैकी एकजण हसून म्हणाले, असले प्रश्न विचारायचे नसतात. मला तो प्रश्न त्या महिन्यातल्या कुठल्याही प्रवचनाइतका महत्त्वाचा वाटला. तो तसाच पाळकांपुढे ठेवायला हवा होता, आणि पाळकांनी मुलांसमोर बसून त्याचं उत्तर द्यायला हवं होतं.

यावर एक आक्षेप मी मनापासून विचारात घेतला आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला पुढाऱ्यांचे दोष दाखवले तर त्याची श्रद्धाच डळमळेल, आधी पाया घट्ट होऊ दे, शंका मोठेपणी येतीलच, असं आमच्यातल्या एक अनुभवी बाई म्हणतात. त्यांनी आयुष्यभर मुलं घडवली आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पण मुलांना दोष दाखवत बसा, असं मी म्हणतच नाही. शास्त्रच त्यांना एली दाखवतं, दावीद दाखवतं, तीनदा नाकारणारा पेत्र दाखवतं. आणि या सगळ्यांवर प्रेम करायलाही शिकवतं. पुढारी कधी चुकतच नाहीत, या पायावर उभी राहिलेली श्रद्धा पंधराव्या-सोळाव्या वर्षी, पहिली चूक डोळ्यांनी दिसल्यावर, कोसळते. ती अशी कोसळताना आमच्यातल्या कित्येक घरांनी पाहिली आहे. त्या घरची मुलं आता नाताळलाही चर्चमध्ये येत नाहीत, आणि त्यांच्या आया अजून विचारतात, आम्ही काय कमी केलं?

पुढच्या सत्रात आमच्या शब्बाथ शाळेत तिसरा अध्याय शेवटपर्यंत शिकवायचा, असं मी सुचवलं आहे. सोबत आणखी एक मागणं ठेवलं आहे: महिन्यातून एका रविवारी पाळकांनी प्रवचनानंतर चहाला न जाता मुलांच्या वर्गात, दार उघडं ठेवून, आणखी दोन मोठ्या माणसांच्या देखत, खाली सतरंजीवर बसावं. त्या दिवशी प्रश्न मुलांनी विचारायचे. उत्तर ठाऊक नसेल तर पाळकांनी तसं सांगायचं आणि पुढच्या महिन्यात शोधून आणायचं. मंडळाच्या बालवर्गात कुणाला हे करून पाहायचं असेल, कीर्तनकार येतात तेव्हा किंवा एखाद्या स्वामींचं प्रवचन असतं तेव्हा, तर आमच्या वर्गातल्या मुलांचे प्रश्न मी आनंदाने पाठवीन.