तामणीला झालेलें अजीर्ण

कॅनडांतील पुतण्यानें परवां पत्रांतून मेपलचें एक लालबुंद पान धाडलें. १९६५ पासून त्या देशाच्या ध्वजावर झळकणारें हेंच तें पान. मुलांनीं लागलीच हट्ट धरला कीं, हें झाड आपल्या अंगणांत लावूं या! परंतु मेपलला हिवाळ्यांत कडक थंडीची दीर्घ झोंप हवी. ती फोंडाघाटांत कोठून आणावी? आणि आमच्या दारीं तामणीचें झाड असतां ही हौस हवी तरी कशाला? ग्रीष्मांत जांभळे घोस, पानगळीपूर्वीं तांबूस पानें. महाराष्ट्राचें राज्यपुष्पही तेंच.

हें झाड आमच्या कैलासवासी सासूबाईंच्या हातचें. दोन वर्षांपूर्वीं मात्र तें हातचें जातें कीं काय, अशी भीति वाटली. वैशाख सरला तरी एक घोस नाहीं. पानें पिवळीं, बुंध्याची साल ओली होऊन सुटूं लागलेली. चौकशीअंतीं उलगडा झाला. ही उपासमार नव्हे, अजीर्ण! थोरल्या जाऊबाई बुंध्याशीं ताजें शेण ओतीत, धाकटे भावजी युरिया टाकीत, आणि आम्ही स्वतः बंबांतली राख लोटीत असूं. एकानें काय घातलें, हें दुसऱ्यास ठाऊक नाहीं. लाडक्या नातवाला घरांतल्या प्रत्येकीनें निराळा खाऊ भरवावा, तसाच हा प्रकार.

ताज्या शेणाच्या उष्णतेनें कोंवळीं मुळें करपतात, बुंध्याशीं साचलेल्या ओलीनें साल कुजते. शेणांतील व युरियांतील नत्र राखेच्या क्षारानें वायुरूप होऊन उडून जातें. शिवाय आमची जांभ्याची माती आम्लधर्मी. तींतील लोह स्फुरदाला धरून ठेवतें, आणि धुवांधार पाऊस नत्र व पालाश वाहून नेतो. ओढ्याकाठच्या तामणीला कोणी खत घालीत नाहीं. कुजलेला पाचोळाच तिचें अन्न.

तेव्हांपासून आम्ही असें करतों. माध्यान्हीं फांद्यांच्या टोकांची सावली पडते, तेथें वर्तुळाकार चार बोटें खोल चर काढावा. अन्न शोषणारीं बारीक मुळें बुंध्यापासून दूर, वरच्याच थरांत असतात. ज्येष्ठांत पाऊस स्थिरावला म्हणजे पूर्ण कुजलेलें शेणखत दोन घमेलीं घालून माती लोटावी. आषाढ-श्रावणाच्या झडींत कांहीं घालूं नये. सारें वाहून जातें. भाद्रपद सरतां, जमीन ओली असतांनाच, पुन्हां तितकेंच खत. राख घालावयाची ती महिनाभरानें, मूठ-दोन मुठी पसरून. वर पाचोळ्याचें आच्छादन असावें, पण बुंध्याभोंवतीं हातभर जागा मोकळी. आणि मुख्य म्हणजे हें काम एकाच्याच हातीं असावें, व त्यानें तें भिंतीवरील दिनदर्शिकेंत टिपून ठेवावें.

यंदा वैशाखांत अवघे दोन घोस आले. जाऊबाईंनीं पहिला सासूबाईंच्या तसबिरीपुढें ठेवला. दुसरा मात्र झाडावरच राहूं दिला.