रात्रीची धडधड आणि मनाचा इलाज

या महिन्यात रात्रीच्या धडधडीविषयी बोलू.

घरचा कर्ता ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला जातो. मागे लेकरे, म्हातारी माणसे आणि उधारी एकट्या बाईच्या अंगावर. रात्री तिची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता जीव जातो असे वाटते. ईसीजी नीट निघतो. शेजारी म्हणतात, नजर लागली. नेकनूर काय, बीड जिल्ह्यातले कुठलेही गाव काय, हे चित्र नवे नाही. ईसीजी नीट आला म्हणून तिचा त्रास खोटा ठरत नाही. हा भीतीचा आजार असू शकतो, आणि त्यावर इलाज आहे.

त्या इलाजात काही मानसोपचारतज्ज्ञ ‘माइंडफुलनेस’ वापरतात. आपण त्याला सजगता म्हणू. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून आठ आठवड्यांची पद्धत बसवली.

त्यात करतात काय? रुग्णाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. मन उधारीकडे पळाले, की ‘पळाले’ एवढेच ओळखायचे आणि स्वतःला न रागावता परत यायचे. धडधड सुरू झाली की ती छातीत कुठे आहे, वाढते की ओसरते, हे पाहायचे. ‘मी मरणार’ हा मनात आलेला विचार आहे, घडलेली गोष्ट नव्हे, हे हळूहळू उमगते. भीतीची भीती कमी झाली की धडधडही लवकर ओसरू लागते.

हे आपल्या दीनात बसते का, असे काही जण विचारतात. या पद्धतीची मुळे बौद्ध ध्यानात आहेत, हे खरे. दवाखान्यात मात्र ना मंत्र असतो ना पूजा. तो लक्षाचा व्यायाम असतो. नमाजमध्ये भटकलेले मन परत आणणे आपल्याला ठाऊकच आहे. पण नमाज इबादत आहे आणि हा इलाज. एकाच्या जागी दुसरे ठेवू नये.

दोन गोष्टी जपा. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. मोठा आघात सोसलेल्यांना डोळे मिटून बसल्यावर त्रास वाढूही शकतो, म्हणून जाणकाराच्या देखरेखीखालीच सुरुवात करा.

बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले, तर त्याच दिवशी फोन लावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. घरातल्या बाईला दवाखान्यात एकटीला पाठवू नका. सासू, नणंद, भाऊ, कुणीतरी सोबत जा.