पसरणी घाटात झेंडा कोण दाखवणार?

जुलै लागला की ग्रुपवर मेसेज पडतोच. 'संडे, पाचगणी, पहाटे सहा, सुरूर फाट्यावर भेटू.' पुण्याची गँग, साताऱ्याची गँग, सांगलीहून रात्रीच निघालेली गँग. कुणाकडे ड्यूक, कुणाकडे पल्सर, कुणाकडे बाबांची जुनी स्प्लेंडर. वाईत चहा-मिसळ होते आणि मग पसरणी घाट लागतो. तिथून पुढं जे चालतं त्याला सगळे 'राइड' म्हणतात. खरं नाव शर्यत. संध्याकाळी रील पडते आणि तिच्यावर कॅप्शन असते, 'ट्रॅक डे, मान्सून एडिशन'.

हा शब्द वापरताच आहात, तर तो नीट बघू या.

ट्रॅक डे म्हणजे बंद सर्किटवर, फी भरून, आपली गाडी मनासारखी पळवायचा दिवस. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत, कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर असे दिवस होतात. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं जातात. नवखे वेगळे, मुरलेले वेगळे. वळणाबाहेर घसरायला मोकळी जागा ठेवलेली असते, अँब्युलन्स उभी असते, ठराविक अंतरावर मार्शल असतात आणि त्यांच्या हातात झेंडे. पाऊस आला म्हणून दिवस रद्द होतोच असं नाही, उलट काही जण पावसाचीच वाट बघतात. कारण ओल्या डांबरावर हाताची खरी परीक्षा होते.

मोटरसायकल रेसिंगमध्ये पावसाचाही वेगळा झेंडा असतो, हे ठाऊक आहे? पांढऱ्या कापडावर तिरपी लाल फुली. अर्थ इतकाच, की 'ट्रॅकच्या या तुकड्यावर थेंब पडायला लागलेत.' पिवळे-लाल पट्टे दिसले, तर पुढं रस्ता दुसऱ्या कशानं तरी निसरडा झालाय. मोटोजीपीत पावसानं रंग बदलला तर रायडर पिटमध्ये येऊन चक्क दुसरी गाडी घेतात. तिला पावसाळी टायर असतात, मऊ रबराचे आणि खोल खाचांचे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ज्यांना बघून आपण सगळे वेडे झालो, तेच हे लोक. आपण मात्र तीच गाडी, तेच गुळगुळीत झालेले टायर आणि तीच हवा घेऊन घाट चढतो.

आता या घाटात 'थेंब पडायला लागलेत' हे कोण सांगणार? इथला पाऊस तर फारच फसवा. महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पाचगणीत त्याच्या निम्म्याहून कमी आणि खाली वाईत आणखी कमी. वाई ते महाबळेश्वर अंतर जेमतेम तीसेक किलोमीटर. म्हणजे चहा प्यायला तो रस्ता कोरडा, घाटाच्या मध्यावर ओला, पाचगणीत धुकं आणि पुढं धो धो. एका तासात तीन वेगळे रस्ते, आणि तुमच्या उजव्या हाताला अजून वाईचाच रस्ता आठवत असतो. त्यात कड्याच्या बाजूनं वाहून आलेली लाल माती, ऊन न लागणाऱ्या वळणावरचं शेवाळ, एसटी किंवा ट्रकमधून सांडलेलं डिझेल, रस्त्यावरचे पांढरे पट्टे (ओले झाले की साबणच) आणि कधी कधी सुटून आलेला दगड.

जरा गणित करू. घाबरू नका, अकरावीच्या फिजिक्सचं आहे. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा, १७ मीटर तिथंच गेले. त्यापुढं चांगल्या कोरड्या डांबरावर गाडी वीसेक मीटरमध्ये थांबू शकते. ओल्यावर पकड साठ टक्क्यांपर्यंत उतरली तर त्याच थांबण्याला पस्तीसच्या आसपास मीटर लागतात. म्हणजे एकूण पन्नासच्या वर, तेही सपाटीवर. उतारावर आणखी जास्त. आणि धुक्यात तुम्हाला दिसतायत तीस मीटर.

'एबीएस आहे ना भावा!' हो, १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण डांबरावर नसलेली पकड ते कुठून आणणार? आपल्या गाड्यांवरचं साधं एबीएस मुख्यतः सरळ रेषेतल्या ब्रेकिंगसाठी आहे. वळणात गाडी झुकलेली असताना दचकून ब्रेक दाबलात तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि बाबांच्या स्प्लेंडरला तर ते नाहीच.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. ट्रॅकवर उतरणारा प्रत्येक जण 'धोका मला माहीत आहे' अशा कागदावर सही करून उतरतो. पसरणी घाटात अशी सही कुणी केलीय? पाचगणीच्या हॉटेलात सकाळच्या पाळीला निघालेला वाईचा माणूस, मुलाला बोर्डिंगला भेटायला चाललेले आई-वडील, वळणावर आख्खा रस्ता व्यापणारा एसटीचा ड्रायव्हर, यांना तुमच्या ट्रॅक डेमध्ये कुणी विचारून घेतलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावली तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंड नसता तरी मुद्दा तोच राहिला असता.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. ट्रॅक हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. गाडी टेम्पोत घालून चेन्नईला न्यायची, लेदर सूट, बूट, ग्लोव्ह्ज, फी, राहणं; मेसच्या डब्याचे पैसे उधार ठेवणाऱ्या पोरानं हे करायचं कसं? कोल्हापुरात मोहितेंचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्यात. पण कार्टिंग वेगळं आणि आपली रोजची बाइक वेगळी. पल्सर आणि ड्यूक चाकणला बनतात, कंपन्या त्या आपल्या कुंपणाआड हव्या तितक्या तपासतात. विकत घेणाऱ्याला मात्र ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लावायचा हे शिकायला जागा नाही. लायसन्सच्या टेस्टमध्ये काय असतं? कोरड्या मैदानावर आठचा आकडा. पाय टेकला नाही की पास.

पावसात दुचाकी पळवायची हौस महाराष्ट्राला नवी नाही. नवी मुंबईत गल्फ मान्सून स्कूटर रॅली अनेक वर्षं भर पावसाळ्यात, चिखलातून भरली. तिथं आखलेला मार्ग होता, वेळ घेणारे लोक होते, नियम होते. म्हणून 'बाइक नकोच, एसटीनं जा' असं मी म्हणणार नाही. तुम्ही ऐकणारही नाही. पण पावसाळी ट्रॅकवर जे शिकवतात, त्यातलं बरंचसं शिकायला ट्रॅकच लागतो असं नाही. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. क्लच हळू सोडायचा. अंग आत घ्यायचं, गाडी कमी झुकवायची. नजर समोरच्या चाकावर नाही, वळण जिथं संपतं तिथं. यासाठी शंभर-दीडशे मीटरचा काँक्रीटचा ओला पट्टा, चार कोन आणि एक जाणता माणूस पुरतो.

आणि इथंच आपल्याकडची गंमत आहे. रस्ता सुरक्षा सप्ताह, पुढं त्याचा झालेला महिना, येतो जानेवारीत. कॉलेजात पोस्टर स्पर्धा होते, शपथ होते, आरटीओचे साहेब भाषण करतात, बाहेर लख्ख ऊन असतं. ज्या महिन्यांत पोरं ओल्या घाटात गाड्या घालतात, तेव्हा कॅम्पसमध्ये यावर चकार शब्द नाही. जानेवारीचं जानेवारीत राहू दे. पण एक सकाळ जूनच्या शेवटी द्या. वाई, सातारा, कराड, सांगली, कुठल्याही एका कॉलेजनं सुरुवात करावी. जिमखान्यानं पार्किंगचा पट्टा मोकळा करावा, एनएसएसनं नावं घ्यावीत, आरटीओनं आणि वाहतूक पोलिसांनी त्यांचा प्रशिक्षक पाठवावा, गावातल्या गॅरेजवाल्या दादांनी टायर आणि ब्रेक पॅड तपासून द्यावेत. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचं जॅकेट आणि बूट असतील त्यालाच आत घ्यावं. ताशी २० पासून सुरू, मग ३०, मग ४०. प्रत्येकानं आपली गाडी ओल्यावर खरंच किती मीटरवर थांबते ते टेप लावून मोजावं आणि आकडा टाकीवर चिकटवावा.

यंदाच्या जिमखान्याच्या पहिल्या मीटिंगला हा विषय तुम्हीच मांडा. बजेटचं कारण कुणी पुढं केलं, तर सांगा की पाण्याचा टँकरसुद्धा मागवावा लागणार नाही.